उरियाकूचं गाणं आणि साहेबाची टाळी

माझी आजी उरियाकू दुरून येताना दिसली की गावातले पुरुष वाट बदलायचे. ती काही भांडकुदळ नव्हती. हळू बोलायची, कमी बोलायची. पण ती गाणी रचायची, आणि तिच्या गाण्यात आपलं नाव येऊ नये असं प्रत्येकाला वाटायचं.

आमच्या उमुओकेरेत तेव्हा राजा नव्हता, कचेरी नव्हती. एखाद्यानं बायकोला मर्यादेबाहेर मारलं, बाईच्या शेतात गुरं सोडली किंवा बाजाराचा नियम मोडला, तर बायका आधी त्याला समजावायच्या. ऐकलं नाही तर गाठ मारलेलं माडाचं कोवळं पान घराघरातून फिरायचं. ते पान हातात पडलं की कुठल्याही बाईनं चूल तशीच टाकून निघायचं. डोक्याला नेच्याची पानं, तोंडाला राख, हातात मुसळ. सगळ्याजणी त्या माणसाच्या दारात जाऊन बसायच्या आणि गायच्या. त्याचा कंजूषपणा, त्याचं घोरणं, त्याची सासुरवाडीत झालेली फजिती, काही सोडायच्या नाहीत. मुसळांनी अंगण दणाणायचं, छपराचं गवत उपसलं जायचं. तो बाहेर येऊन चूक कबूल करीपर्यंत आणि शेळी देईपर्यंत बायका उठत नसत. म्हाताऱ्या पंचांनाही त्यात तोंड घालता येत नसे. याला आम्ही 'त्याच्यावर बसणं' म्हणतो.

आजीचा धाकटा दीर न्वोकोमा याच्या शेळ्यांनी एकदा तिच्या अळकुड्यांचा वाफा फस्त केला. वर तोच म्हणाला, "कुंपण घालायला हात नव्हते का?" दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात साठ बायका बसल्या. दुपारपर्यंत त्यानं तग धरला. मग डोकं बाहेर काढून म्हणाला, "वहिनी, पुरे आता. शेळी घे. पण ते घोरण्याचं कडवं तेवढं बाजारात गाऊ नकोस."

"भाऊजी, ते कडवं तुमच्या बायकोनंच दिलंय," आजी म्हणाली. "मी नुसती चाल लावली."

आजोबा तेव्हा मागच्या अंगणात तोंडावर हात धरून हसत होते. त्यांचं नाव एकेमेझी. ते बोलताना अडखळायचे. एक वाक्य पुरं व्हायला इतका वेळ लागायचा, की मित्र म्हणायचे, "एकेमेझी, तू सुरू कर, तोवर आम्ही ताडी उतरवून येतो." ते स्वतःही त्यावर हसायचे. नवं गाणं आजी आधी त्यांना ऐकवायची. त्यांचा हात तोंडावर गेला की गाणं जमलं असं समजायची. कोनफळांच्या लागवडीत त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. गुडघा लहानपणीच माडावरून पडून अधू झालेला, तरी पहाटेच्या दवात पहिलं पाऊल शेतात त्यांचंच उमटायचं.

मग गोरा साहेब आला. आधी तो नदीपलीकडच्या गावात गेला. त्या गावानं रस्त्याच्या कामाला माणसं द्यायला आढेवेढे घेतले. त्यांच्या घरांचा धूर आमच्या बाजारातून दिसत होता. त्यामुळे तो आमच्याकडे आला तेव्हा पंचांनी फारसं काही विचारलं नाही. ऊन लागलं की त्याचे कान पिकल्या मिरचीसारखे व्हायचे, म्हणून बायका त्याला तांबडकान्या म्हणू लागल्या. त्यानं बाजाराच्या माळावर तंबू ठोकला. ओक्वुओसा नावाचा एक माणूस अंडी आणि कोंबडा घेऊन सगळ्यांच्या आधी तिथं पोचला. ज्याला पंचांच्या बैठकीत कुणी पाट दिला नसता, त्याला साहेबानं एक टोपी आणि एक कागद दिला आणि सांगितलं, आजपासून तू या गावाचा सरदार.

रस्त्याचं काम निघालं ते नेमकं लागवडीच्या दिवसांत. ओक्वुओसानं माणसं नेमून दिली, त्यात एकेमेझीचं नाव घातलं. आजी त्याच्याकडे गेली.

"त्यांचा गुडघा तुला माहीत आहे. धाकट्या भाऊजींना ने."

"साहेबानं घरातला कर्ता मागितलाय."

"साहेबाला कर्ता कोण ते कळतं का? तूच सांगणार ना?"

ओक्वुओसानं टोपी सारखी केली. "उरियाकू, आता दिवस बदललेत. गाणं म्हणून भागायचं नाही."

आजोबा गेले. पाट्यांतून दगड वाहायचे होते. एका दुपारी त्यांनी पाटी खाली ठेवली. मुकादम धावत आला. त्यांनी गुडघ्याकडे बोट दाखवलं आणि सांगायला सुरुवात केली. जीभ अडकली. मुकादम परमुलखातला, त्याला वाटलं हा तोंड वाकडं करून चिडवतोय. वाक्य पुरं होईपर्यंत तो थांबला नाही. चाबूक चालू झाल्यावर आजोबांची जीभ आणखीच अडकली. साहेब थोड्या अंतरावर घोड्यावर होता. त्यानं मान वळवून पाहिलं आणि घोडा पुढं घेतला.

दोघांनी त्यांना चटईवर घालून घरी आणलं. पाठीवरच्या जखमा चिघळल्या, ताप चढला. लावलेल्या कोनफळांना कोंब फुटायच्या आत ते गेले.

आमच्या रिवाजाप्रमाणे आजीचं डोकं भादरलं. ती राखेवर बसली. सुतकातल्या विधवेनं दाराबाहेर पडायचं नसतं. आजोबांची थोरली बहीण आहुदिया सासरहून आली. ती म्हणजे आमच्या घराण्यातल्या साऱ्या माहेरवाशिणींची पुढारी. मोठ्या हाडापेराची, तंबाखूची तपकीर ओढणारी बाई. भावाच्या मातीपाशी ती रडली, मग आत येऊन वहिनीसमोर बसली.

"माझ्या भावाला कुणी मारलं?"

"मुकादमानं."

"मुकादम कुणाचा?"

"साहेबाचा."

"मग साहेबावर बसायचं."

आजी म्हणाली, "ताई, त्याला आपली भाषा येत नाही."

"राख फासून उघडी उभी राहिलेली म्हातारी कुणाला कळत नाही? तोही बाईच्याच पोटचा आहे ना? का झाडाला लागला होता?"

"मी सुतकात आहे."

"तू नाही आलीस तर गाणार कोण? मी? माझा आवाज ऐकून साहेब नाही, कावळे जातील." आहुदियानं तपकिरीची चिमूट ओढली. "चल. पाप लागलं तर माझ्या नावावर."

पान फिरलं. आमच्याच नव्हे, शेजारच्या चार गावांत फिरलं. त्या दिवशी सकाळी बाजाराच्या माळावर बायकाच बायका होत्या. नेच्याची पानं, राख, मुसळं. म्हाताऱ्यांनी कमरेचं सोडलं होतं. आमच्यात आईच्या वयाच्या बाईनं असं उघडं उभं राहणं म्हणजे शेवटची शिवी. त्यानंतर त्या माणसाला जगात तोंड दाखवायला जागा राहत नाही. सगळ्यांच्या पुढं भादरलेल्या डोक्याची माझी आजी. तिनं सुरू केलं:

आईनं जन्म दिला, भाजायला विसरली,
कच्च्या कोनफळा, बाहेर ये.
एकेमेझीचं वाक्य अर्धं राहिलंय,
पुरं ऐकून घ्यायला बाहेर ये.

मुसळं जमिनीवर आदळू लागली. तंबूच्या खुंट्या हलल्या. साहेबाचे शिपाई परमुलखातले. गाण्यातला एक शब्दही त्यांना कळत नव्हता. पण उघड्या म्हाताऱ्या दिसताच त्यांनी बंदुका खाली केल्या आणि मानाही खाली घातल्या. एकानं तर तोंडावर हात घेतला. त्यांच्याही घरी आया होत्या.

साहेब बाहेर आला. अर्ध्या गालाला साबण होता. क्षणभर घाबरला. मग त्यानं दुभाष्याला काहीतरी विचारलं. दुभाष्या नदीच्या मुखाकडचा, सॅम्युएल नावाचा पोरसवदा तरुण, घामानं निथळत होता. तो काहीतरी पुटपुटला. साहेबाचा चेहरा फुलला. त्यानं खुर्ची मागवली. पायावर पाय टाकून बसला. तीन पायांची पेटी मागवली, काळ्या फडक्यात डोकं घालून आमच्या बायकांकडे रोखून पाहिलं. कडवं संपलं की टाळ्या वाजवायचा.

बायकांना कळेना. आजीनं आवाज चढवला. आई काढली, बाप काढला, त्याच्या मेलेल्या पिढ्या काढल्या. तो टाळ्या वाजवत होता. शेवटी सर्वांत म्हातारी बाई पुढं झाली आणि त्याच्याकडे पाठ करून वाकली. याहून मोठा शाप आमच्याकडे नाही. साहेबानं टोपी काढून हवेत हलवली.

मग त्यानं मिठाच्या गोण्या फोडायला लावल्या. मीठ, काचमणी, छोटे आरसे.

"देतोय!" कुणीतरी ओरडलं. "दंड देतोय! चूक कबूल केली!"

"कुठं केली? तोंड उघडलं का त्यानं?" आजी म्हणाली.

"अगं, शेळी नसेल त्याच्याकडे. मीठ दिलं म्हणजे तेच."

"त्याला एकेमेझीचं नाव घेऊ दे. मग मीठ घ्या."

पण तेव्हा मीठ फार दुर्मीळ होतं, आणि दोन प्रहर गाऊन बायकांचे घसे सुकले होते. बहुतेकींनी पदरात मीठ घेतलं. जिंकलो म्हणत घरी गेल्या. त्या रात्री गावभर भाजीला चव होती. आहुदियानं घेतलं नाही, आजीनं घेतलं नाही.

त्याच संध्याकाळी सॅम्युएल आजीच्या दारात आला. हातात लाल कापड. "साहेबानं म्होरकीला दिलंय."

"तू त्याला काय सांगितलंस?"

त्यानं कापड उंबऱ्यावर ठेवलं.

"मी तुझ्या आईच्या वयाची आहे. विचारतेय, काय सांगितलंस?"

"सांगितलं, रस्ता होतोय म्हणून बायका आनंदानं स्वागत करायला आल्यात."

आजीनं हाताशी पडलेलं मुसळ उचललं. सॅम्युएल हलला नाही. म्हणाला, "मार. पण खरं सांगितलं असतं ना आई, तर मला मारायला आज तुझा हा उंबराच उरला नसता. नदीपलीकडच्या गावात मीच होतो. तिथं मी खरं सांगितलं होतं."

आजीनं मुसळ खाली ठेवलं. त्याला शिवी द्यावी तर त्यानं गाव वाचवलं होतं, उपकार मानावेत तर तिच्या नवऱ्याचं मरण त्यानं वरातीत बसवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "कापड घेऊन जा."

"परत नेलं तर तो विचारेल का."

मग ते कापड राहिलं. शेळ्यांच्या खाली अंथरलं गेलं.

दोन दिवसांनी रस्त्याचं काम पुन्हा सुरू झालं. पावसाच्या तोंडावर मोठा साहेब येणार म्हणून ओक्वुओसा दारात उभा राहिला.

"त्या दिवशीचं गाणं साहेबाला फार आवडलंय. मोठ्या साहेबापुढं तेच व्हायला पाहिजे."

"तुला माहीत आहे ते काय गाणं आहे," आजी म्हणाली.

"मला माहीत आहे. त्यांना नाही. मग तुझं काय जातंय?"

आजी नाही म्हणाली. ओक्वुओसानं तिच्या शेळ्या नेल्या, मग धाकट्या दिराला रस्त्यावर पाठवायची तंबी दिली. आजी उभी राहिली आणि गायली. त्या वेळी बायका पोटात हसत होत्या. मोठ्या साहेबाच्या पोटाचा घेर, त्याचा बिनमिशीचा वरचा ओठ, सगळं गाण्यात आलं, आणि तो मान डोलावत होता. पहिली काही वर्षं यात गंमत वाटली. प्रत्येक नव्या साहेबासाठी आजी नवी कडवी रचायची. घरी येऊन बायका पोट धरून हसायच्या. आजी हसायची नाही. एकदा माझ्या आईनं विचारलं तर म्हणाली, "ज्याला शिवी कळत नाही त्याला दिलेली शिवी म्हणजे भिंतीवर फेकलेलं शेण. हात आपलेच भरतात."

मग मिशनची शाळा आली, मुली शिकू लागल्या, आणि शाळेत ते गाणं शिरलं. मास्तरांनी चावट कडवी गाळली. उरलं एवढंच: बाहेर ये, बाहेर ये, पाहुण्या बाहेर ये. मीसुद्धा लहानपणी तेच म्हणत नाचले, कागदी फुलं लावून.

खरा घाव बसला तो पुढं. ओक्वुओसानं बाजारातल्या बायकांकडून टोपलीमागे पट्टी घ्यायला सुरुवात केली होती, आणि एका विधवेची माचीवर साठवलेली कोनफळं परस्पर विकली. बायकांनी समजावलं, त्यानं ऐकलं नाही. आहुदिया तेव्हा वारली होती. आजीनं पान फिरवलं. सगळ्या जमल्या. राख, नेचे, मुसळं. ओक्वुओसाचं घर आता पत्र्याचं होतं, उपसायला गवत नव्हतं. आजीनं पहिलं कडवं म्हटलं. दार उघडलं. ओक्वुओसा बाहेर आला. नोकरानं खुर्ची आणली. पायावर पाय टाकून तो बसला आणि टाळ्या वाजवू लागला.

"वा! वा उरियाकू! आवाज अजून तसाच आहे हं!"

त्याच्या भावकीतले पुरुष मागं उभे होते. आधी एक हसला, मग सगळे. कुणीतरी घरातून मिठाचा पुडा आणून अंगणात उधळला. आमच्या इथला, आमच्याच भाषेत वाढलेला माणूस, ज्याच्या बापावर या बायकांच्या आया बसल्या होत्या आणि त्या बापानं त्यांच्या पायांवर लोळण घेतली होती. त्याला एकेक शब्द कळत होता. तरी टाळ्या वाजवत होता. बायका थोडा वेळ गात राहिल्या. मग मागच्या रांगेतली एक उठली, तिच्यामागून दुसरी.

आजी सर्वांत शेवटी उठली. त्यानंतर तिनं गाणं रचलं नाही. साहेब आले तर सरळ सांगायची, घसा गेलाय. उमुओकेरेत पुन्हा कुणी कुणावर बसलं नाही. नवऱ्यांनी मारलेल्या बायका कचेरीत अर्ज करू लागल्या. अर्ज ओक्वुओसापुढंच यायचे.

काही वर्षांनी दक्षिणेकडे बायका उठल्या. कचेऱ्यांवर जाऊन बसल्या आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. बाजारात बातमी आली तेव्हा आजी भुईमूग फोडत होती. सगळ्या हळहळत होत्या. आजी म्हणाली, "गोळ्या घातल्या म्हणजे तिथल्या साहेबाला गाणं कळलं तरी."

मी मास्तरीण झाले. एकदा जिल्ह्याहून शाळेला पुस्तकं आली, त्यात तांबडकान्याची रोजनिशी होती, छापलेली, चित्रांसह. मी ती घरी आणली आणि आमच्या भाषेत करून आजीला वाचून दाखवली.

"'आज सकाळी आसपासच्या गावांतल्या स्त्रिया मोठ्या संख्येनं तंबूपुढं नाचत आल्या. रस्त्यामुळे झालेला आनंद त्यांच्या भाबड्या चेहऱ्यांवर दिसत होता. सौंदर्याच्या यांच्या कल्पना गमतीच्या आहेत. म्होरकीनं डोक्यावर एकही केस ठेवला नव्हता.'"

आजीनं डोक्यावरून हात फिरवला. केस कधीचे पांढरे झाले होते. मी चित्र दाखवलं. तिनं ते डोळ्याजवळ धरलं. "ही आहुदिया. कशी चिडलीय बघ." चित्राखाली लिहिलं होतं: आनंदी रानफुलं.

"आणि एकेमेझी?" तिनं विचारलं.

मी मागची पानं चाळली. सापडेपर्यंत वेळ लागला, सापडल्यावर वाचावं की नाही म्हणून आणखी वेळ लागला.

"वाच."

"'काम समाधानकारक. एका आळशी इसमाला शिक्षा करावी लागली. त्याचा इतरांवर चांगला परिणाम झाला.'"

"काय इसम?"

"आळशी."

ती तोवर शांत होती. स्वागताचं ऐकलं, रानफुलांचं ऐकलं, चेहरा हलला नव्हता. आता तिनं पुस्तक माझ्या हातातून ओढलं. "आळशी? एकेमेझी? अगं, दव पडलेल्या शेतात..." पुढं तिला बोलता येईना. मी पहिल्यांदाच तिला बोलताना अडखळलेलं पाहिलं.

मी पुस्तक घेऊन हेडमास्तरांकडे गेले. ते आमच्यापैकीच, सज्जन माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, साहेबानं हे त्याच संध्याकाळी लिहिलंय. स्वतः पाहिलेलं. तुमची आजी सांगते ती आठवण इतक्या वर्षांनंतरची. इतिहासात आधी कशाला मानायचं, हे तुम्हीच वर्गात शिकवता ना?"

मी शिकवत होते. पुस्तकात तसंच होतं.

घरी येऊन मी आजीला म्हटलं, "तू सगळं गाणं सांग. कडवं न् कडवं. मी लिहून घेते."

"नको. ते ज्याला म्हणायचं होतं त्यानं ऐकलं नाही. आता कुणाला ऐकवतेस?" मग तिनं पुस्तकाकडे बोट दाखवलं. "गाण्याचं राहू दे. तो आळशी नव्हता, एवढं लिही."

मी शाळेच्या प्रतीत, त्या ओळीच्या शेजारी, पेन्सिलीनं लिहिलं: हा एकेमेझी, उमुओकेरेचा. आळशी नव्हता. गुडघा अधू होता. पुढच्या सत्रात पाहिलं तर कुणीतरी खोडरबरानं पुसलं होतं. आजीला सांगितलं. ती म्हणाली, "पुन्हा लिही."

या वेळी शाईनं लिहिलं. पुस्तक खराब केल्याबद्दल मला समज मिळाली, आणि ती प्रत कपाटातून काढून टाकली. धुळीचे वारे सुटले त्या दिवसांत आजी गेली. आजोबांच्या शेजारी तिला पुरलं. शाळा उघडली तेव्हा जिल्ह्याहून नवी प्रत येऊन पडली होती. हेडमास्तरांनी ती माझ्या हातात न देता स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवली.